इसाकभाईंचे वकील

केंजळे वकील गेले हे मला भाजीच्या गाडीवर कळलं. शेजारी उभी असलेली बाई दुसरीला सांगत होती, "ते स्टेशनपाशी बसायचे ते वकील वारले म्हणे. तडजोडवाले." मी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली आणि म्हटलं, "त्यांना नाव होतं. केंजळे. मेलेल्या माणसाचं नाव घ्यायला काही पैसे पडत नाहीत." त्या बिचारीची काही चूक नव्हती. शेवटची तीन-चार वर्षं अख्खं चिंचवड त्यांना तडजोडवालेच म्हणत होतं. कोणी हसून म्हणे, कोणी म्हणे की समोरच्या पार्टीकडून खातात. हे नाव त्यांना का पडलं ते मला माहीत आहे. दुसऱ्या एका माणसालाही माहीत आहे, पण तो कधी बोलायचा नाही. म्हणून मी बोलते.

चिंचवड स्टेशनच्या बाहेर एक पत्र्याचा गाळा होता. पुढच्या अर्ध्यात मी आणि माझी दोन टाइपरायटरं, एक मराठी आणि एक इंग्रजी. मधे पडदा. पलीकडे केंजळे वकील. आमचे हे कंपनीत तीन पाळ्यांत राबत होते, घरात नवीन जागेचे हप्ते होते, म्हणून मी टाइपिंग सुरू केलं. गाळ्याचं निम्मं भाडं मी द्यायचं आणि त्यांचं काम आधी करायचं, असं आमचं ठरलं होतं. तोंडी. आणि हाच माणूस पडद्यामागून दिवसातून चारदा लोकांना बजावत असे, तोंडी काही ठरवू नका. एकदा मी म्हटलं, "मग आपलं का तोंडी?" तर म्हणाले, "बाई, तुमच्याविरुद्ध दावा लावायची माझी छाती नाही."

मूळचे साताऱ्याकडचे. उंच, पुढे वाकलेले, चेहरा कायम नुकतंच औषध प्यायल्यासारखा. काळा कोट घडी करून पिशवीत ठेवायचे. पुण्याला कोर्टात जाताना गाडीनं खडकी सोडली की तो बाहेर काढून अंगात चढवायचे, आणि येताना खडकी आली की उतरवायचे. चिंचवडात कोट घातला तर गिऱ्हाईक बुजतं, आणि पुण्यात नाही घातला तर कोर्टातला शिपाईसुद्धा ओळख देत नाही, असं त्यांचं म्हणणं. पुण्याचे वकील तरी कुठे फारशी ओळख देत होते. त्यांच्या लेखी हे कारखान्यांच्या धुरातून आलेले, लेथवाल्यांचे आणि टेंपोवाल्यांचे वकील. केंजळ्यांना ते कळायचं आणि लागायचंही. तसं कधी बोलून दाखवलं नाही, पण ज्या दिवशी कोणी तिथे खोचक बोललं असेल त्या दिवशी परत आल्यावर ते माझ्या टाइपिंगमधल्या चुका काढायचे.

एक खोड अशी की कोणीही हसेल. कागदावर मोकळी जागा दिसली की त्यांच्या हाताला खाज सुटायची. मजकूर संपला की खाली तिरपी रेघ ओढून टाकायची, म्हणजे मागाहून कोणी काही घुसडायला नको. ठीक आहे, वकिलाची सवय. पण ते किराणाच्या यादीवरसुद्धा रेघ मारत. त्यांची बायको मला सांगायची, "साखर राहिली म्हटलं तर म्हणतात, नवीन यादी कर." माझ्या भाचीच्या लग्नाची पत्रिका मी कौतुकानं दाखवायला आणली, तर बोलता बोलता आमच्या कुलदैवताच्या खाली जी बोटभर जागा होती तिच्यावर रेघ. मी ओरडले. ते खरंच ओशाळले आणि खोडरबर शोधू लागले, पण शाई कुठली निघायला.

दुसरी पद्धत मात्र हसण्यासारखी नव्हती. त्यांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या, एक वेताची आणि एक लोखंडी घडीची. माणूस आला की त्याला वेताच्या खुर्चीत बसवायचे. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये असं तो म्हणालाच, तर हे म्हणायचे, "चढू नये हे खरं. पण ढकललंय कोणी ते सांगा." माणूस तासभर आपलं गाऱ्हाणं सांगायचा. हे एक अक्षर लिहायचे नाहीत. मग त्याला उठवून घडीच्या खुर्चीत बसवायचे. "आता तुम्ही तो. ज्याच्यावर दावा लावायचाय तो. आता त्याची बाजू सांगा." आणि मग पेन्सिल उचलायची.

बहुतेकांना ते जमायचंच नाही. एक बांधकाम ठेकेदार आला होता, त्याला विटा पुरवणाऱ्यानं मधेच दगा दिला होता. घडीच्या खुर्चीत बसल्यावर तो म्हणाला, "तो हरामखोर काय सांगणार?"

"तेच विचारतोय."

"वकीलसाहेब, मी फी तुम्हाला देणार का त्याला?"

"आठ दिवसांनी या," केंजळे म्हणाले. "तोवर त्याची बाजू पाठ करा. जमली तर दावा लावू." ठेकेदार गेला तो समोरच्या रांगेतल्या दुसऱ्या वकिलाकडे. असे कितीतरी गेले. मी कुरकुर करायचे, की लक्ष्मी दारात येते आणि तुम्ही तिची उलटतपासणी घेऊन परत पाठवता. ते म्हणायचे, "जो इथे त्याची बाजू सांगू शकत नाही, त्याला ती कोर्टात पहिल्यांदा ऐकावी लागते. तिथे फार लागतं, बाई."

इसाकभाई नालबंद आले ते असेच एका गुरुवारी. गुरुवारी आमच्या भागात कारखान्यांची वीज बंद, सगळ्यांना सुट्टी, म्हणून वकिलाकडे यायचा तोच दिवस. मूळचे चाकणचे. वडील बाजारात बैलांना नाल मारायचे. इसाकभाई लहानपणी बैल आडवा पाडून त्याचे पाय धरायचे, मोठे झाल्यावर चिंचवडला कंपनीत लागले, लेथवर धातू कातायला शिकले, आणि पंधरा-सोळा वर्षांनी नोकरी सोडून स्वतःची शेड टाकली. पन्नाशीचा माणूस. पांढरी दाढी, हाताच्या रेषांत कधी न निघणारं काळं तेल. आत येताना चपला बाहेर काढल्या. मी म्हटलं, "राहू द्या, इथे कोणी काढत नाही." तर म्हणाले, "असू द्या ताई, कामाला आलोय."

त्यांचं गाऱ्हाणं असं. एका मोठ्या कंपनीनं त्यांच्याशी तीन वर्षांचा करारनामा केला होता. यंत्राच्या सांध्यात बसणारे पितळी बुश त्यांनी दर महिन्याला ठरल्या संख्येनं करून द्यायचे आणि कंपनीनं ते घ्यायचे. त्या कराराच्या जोरावर बँकेनं कर्ज दिलं आणि त्यांनी नवा लेथ घेतला. वर्ष झालं आणि कंपनीनं अचानक काम बंद केलं. म्हणे तुमचा माल फार नापास होतो, आणि तसा झाला तर करार मोडायचा हक्क कराराच्या कलमातच आहे. काम गेलं तर हप्ते थकणार, हप्ते थकले तर बँक लेथ उचलणार. "लेथ गेला तर मी परत दुसऱ्याच्या शेडात, साहेब," ते म्हणाले. "ह्या वयात कोण घेतो? घेतला तरी पोरांच्या हाताखाली." एवढंच मागणं होतं. लेथ राहू दे.

मग केंजळ्यांनी त्यांना घडीच्या खुर्चीत बसवलं. मी टाइप करायचं थांबवलं, कारण हा भाग मला नेहमी ऐकायचा असे.

इसाकभाईंनी मांड्यांवर हात ठेवले आणि जरा विचार केला. मग कंपनी बोलायला लागली. "आमी ह्या इसाकला काम दिलं. माणूस कामाला बरा हाय. पन त्याच्या पहिल्या मालात चाळीस नग खराब निघालं. भोक मोठं पडलं व्हतं. त्यानं कबूल केलं, परत नेलं, नवं करून दिलं. त्याच्यानंतर तक्रार न्हाई. पन आता आमाला दुसरा एक जण स्वस्तात द्यायला तयार झालाय. मग ह्या इसाकला घालवायचं कसं? तर त्याच्या सहीची चलनं आमच्या कपाटात हायती. कोरी. ती भरायची. झालं काम."

"कोरी?" केंजळे म्हणाले. त्यांचा आवाज असा आला की मी पडदा बाजूला करून पाहिलं.

ती त्या भागातली रीतच होती. नापास माल परत घेताना पुरवठादारानं चलनावर सही करायची असते. पण सहीसाठी मालकानं शेड सोडून कंपनीच्या गेटवर यायचं, तोवर टेंपो अर्धा दिवस खोळंबायचा. त्यापेक्षा चलनाच्या अख्ख्या बुकावर आधीच सह्या करून ते स्टोअरच्या कारकुनाकडे ठेवायचं. सगळे लहान शेडवाले तसंच करायचे. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं, उलट कंपनी आपल्यावर एवढा भरवसा टाकते म्हणून बरं वाटायचं.

"किती सह्या केल्या?"

"पन्नासाचं बुक व्हतं. एका बैठकीत केल्या. त्यांनी चहा पाजला."

किराणाच्या यादीवर रेघ मारणारा तो माणूस. उठून बाहेर गेला, माठातलं पाणी तोंडावर मारलं आणि परत येऊन बसला. मग म्हणाला, "इसाकभाई, तुमच्याइतकी समोरच्याची बाजू आजवर या खुर्चीत कोणी सांगितली नाही. मी दावा लावतो." वकीलपत्र पुढे केलं. इसाकभाईंनी न वाचता सही केली. केंजळे म्हणाले, "अहो, वाचा तरी. आत्ता काय सांगितलंत मला?"

"तुमी वाचलंय न्हवं?" इसाकभाई म्हणाले, आणि पेनला टोपण लावून परत दिलं.

करारभंगाचा दावा लागला तेव्हा आणीबाणी यायची होती, आणि निकाल लागला तेव्हा ती येऊन गेली होती. एवढी वर्षं. दावा चालू आहे म्हणून बँकेनं दम धरला, इसाकभाई किरकोळ कामं करून थोडाथोडा हप्ता भरत राहिले. तारखांमागून तारखा पडल्या. केंजळ्यांनी मात्र या दाव्यासाठी जीव टाकला. दुसऱ्या शेडवाल्यांकडून लिहून आणलं की कोरी चलनं ठेवायची पद्धत आहे. सांगवीला राहणाऱ्या त्या स्टोअरच्या कारकुनाच्या घरी तीनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा तो म्हणाला, येतो साक्षीला, खरं काय ते सांगतो. त्या दिवशी केंजळे मला पेढा घेऊन आले. अकरा वर्षांत तेवढा एकच.

आणि मग ती व्हरांड्यातली गोष्ट झाली. कोर्टात प्रती कमी पडतील म्हणून त्या तारखेला त्यांनी मला बरोबर नेलं होतं. साधी तारीख होती, इसाकभाईंची गरज नव्हती. कंपनीचे वकील पुण्यातले नाणावलेले, सोनेरी काड्यांचा चष्मा, मागे दोन ज्युनियर. ते स्वतःहून आले आणि केंजळ्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "केंजळे, कशाला ताणताय? कंपनी म्हणतेय, निम्मं काम परत सुरू करतो, एक वर्ष. दावा काढून घ्या. तुमच्या त्या नालवाल्याला बैलांचे पाय धरण्यापेक्षा बरं ना?" ज्युनियर हसले.

केंजळ्यांचा चेहरा तांबडा झाला. त्यांनी खांद्यावरचा हात काढला. "नालवाला नाही, माझे पक्षकार आहेत ते. आणि आम्ही भीक नाही, हुकूमनामा घेऊन जाऊ." मला तेव्हा, खरं सांगते, टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. गाडीत मी म्हटलंसुद्धा, "बरी जिरवलीत." खडकी गेली, तरी त्यांच्या अंगात कोट तसाच; चिंचवड दिसायला लागलं तेव्हा कुठे उतरवला.

आठवड्यानं कंपनीच्या वकिलांचं रीतसर पत्र आलं, तोच प्रस्ताव. केंजळ्यांनी मला उत्तर सांगायला सुरुवात केली. आमच्या पक्षकारास सदर प्रस्ताव मान्य नाही. माझी बोटं थांबली. मी विचारलं, "इसाकभाईंना विचारलंत?"

"मी त्यांचा वकील आहे, बाई. वकीलपत्र दिलंय त्यांनी मला. आणि साक्षीदार हातात असताना निम्म्यावर कोण सोडतो? अख्खं मिळतंय."

"तरी पण, एकदा कानावर घालायचं."

"ते घाबरून हो म्हणतील."

मी ते पत्र टाइप केलं. तीन प्रती. खाली मोकळी जागा राहिली होती तिच्यावर त्यांनी रेघ मारली. पुढच्या गुरुवारी इसाकभाई आले आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "कंपनीकडनं काय निरोप?" केंजळे म्हणाले, "नाही." त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. माझ्या टेबलापाशी थांबून एकदा ते मला म्हणाले, "ताई, थोडं जरी काम सुरू झालं ना, तरी हप्ता निघल." मी मान खाली घालून टाइप करत राहिले. त्या दिवशी मी तोंड उघडलं असतं तर उत्तर अजून परत फिरवता आलं असतं. माझ्या जिभेला हाड नाही असं आमचे हे म्हणतात, आणि ऐन वेळी ती टाळ्याला चिकटली. याची लाज मला अजून वाटते.

साक्षीच्या आदल्या गुरुवारी केंजळ्यांनी इसाकभाईंची तयारी घेतली. "त्या पहिल्या चाळीस नगांचं विचारतील. तेव्हा म्हणायचं, आठवत नाही. कोर्टात त्याला खोटं म्हणत नाहीत."

"पन मला आठवतंय की."

"अहो, ते मला सांगितलंत. त्यांना सांगायची गरज नाही."

इसाकभाईंनी मान डोलवली. पण ती मान डोलवणं हो म्हणणारं नव्हतं, ते मला पडद्याच्या फटीतून दिसत होतं.

आणि झालंही तसंच. साक्षीला मी हजर होते. चष्मेवाले वकील फार गोड आवाजात विचारत होते. माल कधी खराब गेला होता का? "व्हय, येकदा." किती? "चाळीस नग." या चलनांवरच्या सह्या तुमच्या? "माझ्याच." या कोऱ्या कागदावर केल्या म्हणता. कोणी जबरदस्ती केली? "न्हाई." मग का केल्या? "सगळेच करत्यात." काही मोबदला मिळाला? इसाकभाईंनी खरंच आठवून पाहिलं आणि म्हणाले, "चहा पाजला." मागच्या बाकांवर हसू झालं. केंजळे खाली कागदात बघत होते. मग सांगवीचा कारकून उभा राहिला. तो जमिनीकडे बघत म्हणाला की चलन भरल्याशिवाय सही घेत नाहीत, तशी पद्धतच नाही. केंजळ्यांनी त्याला तीन वेळा फिरवून विचारलं. तीनही वेळा तेच. नंतर कळलं की त्याच्या पोराला कंपनीत चिकटवलं होतं. त्यालाही मी काय म्हणू? त्याचंही घर होतं.

दावा फेटाळला गेला. अपील करू असं केंजळे म्हणाले, पण बँकेनं आता थांबायचं कारण नव्हतं. दोन महिन्यांत ट्रक आला आणि लेथ घेऊन गेला. इसाकभाई भोसरीला एका पोरसवद्या मालकाच्या शेडमध्ये रोजावर जाऊ लागले. आमच्या गाळ्यात त्यांचं येणं थांबलं. कसला निरोप विचारणार आता?

लोकांना घडीच्या खुर्चीत बसवायचं त्यानंतर केंजळ्यांनी सोडून दिलं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ती खुर्ची माझ्यासाठी होती, बाई. मी कधी बसलोच नाही." एका गुरुवारी सकाळी मला म्हणाले, "चला माझ्याबरोबर. ते पत्र तुम्ही टाइप केलंय, तुम्ही असलेल्या बऱ्या." कुठे ते मी विचारलं नाही.

इसाकभाई घरीच होते. घर म्हणजे शेडच्या मागची खोली. शेडमधल्या फरशीवर जिथे लेथ होता तिथे चार बोल्ट वर आलेले आणि तेलाचा मोठा डाग. ते उकिडवे बसून शेजारणीच्या विळ्याला कानसीनं धार लावत होते. आम्हाला बघून उठले, आतून सतरंजी आणायला सांगितली. मी बसले. केंजळे उभेच राहिले, काळा कोट घालून. चिंचवडात त्यांना कोट घातलेलं मी पहिल्यांदा पाहत होते.

त्यांनी सगळं सांगितलं. व्हरांड्यातलं, पत्राचं, उत्तराचं. आडपडदा ठेवला नाही. "कंपनी निम्मं काम देत होती. मला राग आला होता. तुमचा अपमान झाला म्हणून आला असं मी स्वतःला सांगितलं. पण तो माझा होता. मी तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही दोन ठिकाणी भरवशानं सही केलीत, इसाकभाई. एक त्यांच्या बुकावर आणि एक माझ्या वकीलपत्रावर. त्यांनी जे केलं तेच मी केलं."

इसाकभाई विळा हातात धरून ऐकत होते. माझ्या मनात एकच चाललं होतं, की बाबा रे, आता म्हण. म्हण की विचारलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं. एवढं खोटं एकदा बोल. समोर उभ्या असलेल्या माणसाला तेवढंच हवं होतं, आणि ते देणं फक्त याच्या हातात होतं.

इसाकभाई म्हणाले, "इचारायला पायजे व्हतं, साहेब." मग विळा खाली ठेवला. "मी व्हय म्हटलं असतं."

ते रागानं म्हणाले नाहीत. वेळ विचारली तर सांगावी तसे म्हणाले. जो माणूस कोर्टात स्वतःसाठी खोटं बोलला नव्हता, तो दुसऱ्यासाठी कुठून बोलणार?

केंजळ्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक कागद काढला. हातानं लिहिलेला, मला न दाखवता लिहिलेला. स्वतःविरुद्ध तक्रारअर्ज होता तो, वकिलांच्या सनदा काढून घेण्याचा अधिकार असलेल्या मंडळाला. सगळा मजकूर भरलेला, कुठे टिंबभर जागा सोडलेली नाही. "फक्त खाली सही करा," ते म्हणाले. "पुढचं मी बघतो."

इसाकभाईंनी कागद घेतला, नीट उलगडला, यावेळी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. ओठ हलवत, वेळ घेऊन. मग घडी करून परत दिला.

"न्हाई साहेब. मी आता सही करत न्हाई कशावर."

आतून चहा आला होता. तिघांनी प्यायला. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. परतीच्या वाटेवर केंजळे एवढंच म्हणाले, "त्यांनी मला शिक्षासुद्धा होऊ दिली नाही, बाई."

त्यानंतरचे केंजळे म्हणजे लोकांचे तडजोडवाले. समोरच्या पक्षाकडून कसलाही प्रस्ताव आला, कितीही फालतू असला, तरी तो पक्षकाराच्या घरी जाऊन, त्याच्यासमोर उभं राहून वाचून दाखवायचा. माणूस गावाला गेला असेल तर गावाला जायचं. लोकांना वाटलं, हे मिटवायलाच बसलेत, समोरच्यानं यांचे हात ओले केलेत. कामं आटली. मला दुसरीकडे कायमची टायपिस्टची नोकरी लागली तेव्हा त्यांनीच आग्रहानं पाठवलं. गाळा सोडला, पडदा गेला, पुढे कोणीतरी तिथे सायकलचं दुकान टाकलं.

शेवटचं पाहिलं ते कुरुळी फाट्यावर. माझी नणंद कुरुळीला दिली आहे, तिच्याकडून परत येताना नाशिक रस्त्यावर बसची वाट बघत उभी होते. भर दुपार, एप्रिलचं ऊन. गावाकडच्या कच्च्या रस्त्यानं एक उंच वाकलेला माणूस येताना दिसला, मधेच थांबत, गुडघ्यांवर हात टेकत. जवळ आले तेव्हा ओळखलं. दम लागला होता, बोलता येईना. डॉक्टरांनी चालायला मनाई केली होती हे मला त्यांच्या बायकोकडून आधीच कळलं होतं. मी त्यांना झाडाखालच्या दगडावर बसवलं, जवळच्या तांब्यातलं पाणी दिलं आणि मग चांगलं खडसावलं. "एवढ्या उन्हात काय अडलं होतं?"

कुरुळीच्या एका शेतकऱ्याचा विहिरीच्या खोदाईचा दावा होता, खोदणाऱ्यानं काम अर्ध्यात सोडलेलं. समोरच्यानं एक क्षुल्लक रक्कम देऊ केली होती. तो शेतकरी ती घेणार नाही हे लहान पोरालाही कळलं असतं. पाच दिवसांनी तारीखच होती, तो कोर्टात येणारच होता.

"मग तेव्हा सांगितलं असतं," मी म्हटलं.

त्यांनी पाणी संपवलं, तांब्या माझ्या हातात दिला.

"विचारून आलो, बाई," ते म्हणाले. "नाही म्हणाला."